वस्तीची स्थिति व दवाखान्याची सेवा

कवठे महांकाळ तालुक्यांतील दोन बायांची कल्पना वाचकांनीं करावी. दोघींचें वय पन्नाशीच्या घरांत, दोघींनाही रक्तदाबाचा विकार, आणि दोघींनाही एकच गोळी लिहून दिलेली. एक तालुक्याच्या गांवीं एस्. टी. स्थानकाजवळ राहते, दुसरी एखाद्या माळावरच्या वस्तींत, जेथून पक्की सडक चार किलोमीटर दूर आहे आणि दुपारनंतर गाडी नाहीं. पांच वर्षांनीं पहिली बाई नातवाला शाळेंत पोंचवितांना दिसते. दुसरी अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेली आढळते. असें झालें म्हणजे आपण बहुतकरून काय म्हणतों? तिचें नशीब, नाहीं तर तिची हयगय. “गोळ्या वेळेवर घेतल्या नाहींत” एवढें बोलून गांव मोकळा होतो. ह्या अभ्यासांत आम्हांस दाखवावयाचें आहे तें हें कीं, त्या दोघींच्या दशेंतील अंतर पुष्कळ अंशीं त्यांच्या स्वभावामुळें पडत नाहीं. तें त्यांच्या वस्तीमुळें, आणि त्या वस्तीला मिळणाऱ्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या बऱ्यावाईटपणामुळें पडतें.

प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे काय, हें आधीं ठरवूं. जखमेस पट्टी बांधली, तापावर गोळी दिली, एवढ्यानें ती पुरी होत नाहीं. अमेरिकेंतील डॉ. बार्बरा स्टारफील्ड ह्या विदुषींनीं आपलें आयुष्य ह्याच विषयांत वेंचलें. २०११ सालीं त्या वारल्या. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा कीं, दुखण्यांत मनुष्य ज्या दारीं प्रथम जातो तें दार जवळ व उघडें असावें. तेथें तोच वैद्य किंवा तीच सेविका वर्षानुवर्षें भेटावी. एका अवयवाकडे न पाहतां सगळ्या मनुष्याकडे पाहिलें जावें. आणि मोठ्या रुग्णालयांत पाठविल्यावर तेथें काय झालें त्याची खबर परत त्या दारीं यावी. ह्यांतील सातत्याकडे आपलें लक्ष सर्वांत कमी जातें. बाळंतपण अडलें, हात मोडला, तर एका धांवपळीनें काम भागूं शकतें. परंतु रक्तदाब, मधुमेह, क्षय हीं दुखणीं एका भेटीचीं नव्हेत. साध्या क्षयाचें औषधही महिनोन्‌महिने न चुकतां घ्यावें लागतें. रक्तदाबाचें बहुधा जन्मभर. ज्या दवाखान्यास महिन्यांतून दोनदां कुलूप दिसतें, ज्यांतील डॉक्टर दर सहा महिन्यांनीं बदलतो, तो मोडलेल्या हाताला कदाचित् पुरेल. रक्तदाबाला पुरणार नाहीं.

आपल्या देशांत ह्या सेवेचा आराखडा सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं मांडला. पैसे नाहींत म्हणून कोणी उपचारावांचून राहूं नये, आणि सेवा लोकांच्या शक्य तितकी जवळ असावी, हीं तिचीं मुख्य सूत्रें होतीं. पुढें ठरलेला दंडक असा आहे कीं, सपाट मुलुखांत ३०,००० लोकांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५,००० लोकांस एक उपकेंद्र असावें. डोंगराळ व आदिवासी भागांत हेच आंकडे २०,००० व ३,००० धरावे. कवठे महांकाळ तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत दीड लाखाच्या आसपास भरली. सपाट मुलुखाचा दंडक लाविला तर पांच केंद्रें व तीस उपकेंद्रें असा हिशेब येतो. हिशेब सरळ आहे, पण त्यांत एक खोट राहते. त्यांत डोकीं मोजलीं जातात, दुखणीं मोजलीं जात नाहींत.

ही खोट आमच्या जिल्ह्यांत जशी दिसते तशी क्वचितच दुसरीकडे दिसेल. सांगली जिल्ह्याचा पश्चिम भाग कृष्णा-वारणेच्या पाण्यानें भिजलेला, उसाचा. आणि पूर्वेकडील जत, आटपाडी व कवठे महांकाळ हे तालुके पर्जन्यछायेंतील, दुष्काळाच्या संवयीचे. अग्रणी नदी ह्या तालुक्यांतून वाहते खरी, परंतु तिचें पात्र वर्षाचे कित्येक महिने कोरडें असे, हें जुन्या माणसांस सांगावयास नको. म्हैसाळ व टेंभू ह्या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी वर चढविलें, आणि जेथें तें पोंचलें तेथें द्राक्षांचे मळे व बेदाण्याच्या शेडी उभ्या राहिल्या. ह्याचा आम्हांस आनंदच आहे. पण पाणी ज्या वाटेनें गेलें त्याच वाटेनें सडक गेली, दुकान गेलें, आणि खासगी डॉक्टरही गेला. डॉक्टरास दोष देण्याचें कारण नाहीं. त्यालाही घर चालवावयाचें असतें, आणि फी देणारा रोगी जेथें असेल तेथें तो पाटी लावणार. मात्र परिणाम असा होतो कीं, एकाच तालुक्यांत एका रस्त्यावर चार दवाखाने, आणि पलीकडच्या माळावर एकही नाहीं. माळावरील मजुरास दवाखान्यांत जावयाचें म्हणजे एका दिवसाची मजुरी, गाडीभाडें व औषधाचा पैसा, असें तिहेरी ओझें पडतें. म्हणून तो दुखणें अंगावर काढतो, आणि अगदीं न निभेल तेव्हां जातो. वाचकांनीं येथें एक बारीक गोष्ट ध्यानीं घ्यावी. उशिरां आलेला रोगी गुंतागुंतीचा असतो. त्याला अधिक वेळ, अधिक कौशल्य लागतें. तें देण्यास मात्र तेथें सर्वांत कमी माणसें असतात.

हा प्रकार केवळ आमच्याकडचा नाहीं. डॉ. ज्यूलियन ट्यूडर हार्ट हे वेल्स देशांतील ग्लिनकॉरुग नांवाच्या कोळशाच्या खाणवाल्यांच्या गांवीं डॉक्टर होते. त्यांनीं १९७१ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत एक नियम मांडला, तो आजतागायत जगभर सांगितला जातो. त्याचा आशय असा कीं, ज्या लोकांना चांगल्या उपचाराची गरज जितकी अधिक, तितका तो त्यांना कमी मिळतो. आणि उपचाराचा व्यवहार जितका बाजाराच्या हातीं जाईल तितका हा उलटेपणा वाढतो. स्कॉटलंडांत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत हेंच दिसलें. गरीब वस्त्यांतील रोग्यांना एका वेळीं अधिक तक्रारी असत, पण डॉक्टराच्या खोलींत त्यांना वेळ कमी मिळे. आणि तेथील डॉक्टरांवर ताणही अधिक असे. लक्षांत घ्यावें कीं तेथें सरकारी सेवा सर्वांना विनामूल्य आहे. म्हणजे फी काढून टाकली तरी वस्तीचा फरक आपोआप जात नाहीं.

दिल्लींत जिष्णु दास व जेफ्री हॅमर ह्या अर्थशास्त्र्यांनीं केलेला शोध ह्याहून डोळे उघडणारा आहे. त्यांनीं डॉक्टरांपुढें प्रथम कल्पित रोगी ठेवून, काय विचाराल, काय तपासाल, असें पुसलें. मग त्यांच्या दवाखान्यांत दिवसभर बसून ते प्रत्यक्ष काय करतात तें पाहिलें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुहेरी होता. गरीब मोहल्ल्यांतील डॉक्टरांचें ज्ञान सरासरीनें कमी. आणि लहान सरकारी दवाखान्यांतील डॉक्टर जितकें जाणत होते तितकेंही करीत नव्हते. पुढें मध्य प्रदेशाच्या खेड्यांत झालेल्या पाहणींत एका रोग्यास सरासरी सुमारें साडेतीन मिनिटें मिळतात असें आढळलें. आम्हांस येथें कोणाची निंदा करावयाची नाहीं. परंतु “दवाखाना आहे” आणि “चांगला उपचार मिळतो” ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें आमच्या मंडळींनीं पक्कें मनांत ठेवावें. सुई टोंचली म्हणजे उपचार झाला असा आमच्या खेड्यांत समज आहे. ज्यानें नाडी पाहिली, चार प्रश्न विचारले आणि सुई न टोंचतां परत पाठविलें, त्याला आपण वाईट डॉक्टर म्हणतों. हा समजही वस्तीच्या दुखण्यांत भर घालतो.

वाईट सेवा ही सेवा नसण्यापेक्षां कधीं कधीं अधिक अपाय करते. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गोष्ट वाचकांनीं ऐकली असेल. २०१९ सालीं महाराष्ट्र सरकारच्या समितीनें तेथील सुमारें ८२,००० ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हां १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. अंगावरून पाणी जाणें, पोटांत दुखणें अशा पुष्कळशा तक्रारी वेळींच तपासणी व साध्या औषधानें बऱ्या होण्याजोग्या असतात. पण फडावर न्हाणी नाहीं, सुट्टी घेतली तर मुकादम दंड कापून घेतो, आणि सल्ला द्यावयास जवळ विश्वासू सेविका नाहीं. मग कोणी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला कीं, एकदांची कटकट जाईल म्हणून बाई कबूल होते. येथें दारिद्र्य आणि वाईट उपचार हे एकमेकांचे हात धरून चालले होते.

आतां मिरजेविषयीं. कवठे महांकाळपासून मिरज सुमारें चाळीस किलोमीटर. डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं तेथें १८९४ सालीं रुग्णालय उघडलें. १९२७ सालीं पंढरपूर-मिरज ही लहान रुळांची आगगाडी सुरू झाली. १९६२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. ह्या मुलुखाला मिरजेचा केवढा आधार झाला हें सर्वश्रुत आहे. तथापि मोठें रुग्णालय हें नदीच्या शेवटच्या बंधाऱ्यासारखें आहे. वरून वाहून आलेलें तें अडवितें. वरच्या गांवीं रक्तदाब मोजला गेला नाहीं, तर मिरजेस पोंचतो तो अर्धांगवायु. त्याला मिरजेचा कितीही निष्णात शस्त्रवैद्य पूर्ववत् करूं शकत नाहीं.

ही गोष्ट मिशनच्या रुग्णालयांत काम करतांनाच ज्यांस उमजली, असें एक दांपत्य आपल्यांतच होऊन गेलें. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनीं वेल्लोरला वैद्यकी शिकून नगर जिल्ह्यांतील वडाळा येथें रुग्णालय चालविलें. त्यांनीं पाहिलें कीं, बरा होऊन गेलेला रोगी थोड्याच दिवसांत त्याच दुखण्यानें परत येतो, आणि बहुतेक दुखणीं टाळतां येण्यासारखीं असतात. पुढील शिक्षणासाठीं ते अमेरिकेस गेले, आणि १९७० सालीं त्यांनीं जामखेड येथें कामास आरंभ केला. हा तालुकाही आमच्यासारखाच दुष्काळी. प्रथम त्यांनीं गांवोगांव शिकलेल्या परिचारिका ठेवून पाहिल्या. परक्या गांवीं एकट्या राहणाऱ्या त्या मुलींचें तेथें जमेना. तेव्हां प्रत्येक गांवानें आपल्यांतीलच एक बाई निवडावी असें ठरलें. निवडल्या गेल्या त्यांत पुष्कळ दलित, पुष्कळ निरक्षर होत्या. ज्या बाईची सावली विटाळ मानली जात होती तिच्या हातून सवर्णाच्या घरचें बाळंतपण होऊं लागलें. बालकाचें वजन, गरोदर बाईची तपासणी, जुलाबावर मीठ-साखरेचें पाणी, क्षयाच्या व कुष्ठाच्या रोग्याला नियमित गोळ्या, ही तिची विद्या. कूपनलिका दलित वस्तींत खोदली जावी असाही आरोळे यांचा प्रयत्न असे, म्हणजे पाण्याकरितां सगळ्या गांवाला तेथें यावें लागे. आरंभीं तेथें जन्मणाऱ्या हजार बालकांपैकीं सुमारें पावणेदोनशें वर्षाच्या आंत दगावत; पंचवीस वर्षांनीं ही संख्या तिशीच्या आंत आली. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं हेंच निराळ्या रीतीनें सिद्ध केलें. ३९ गांवांतील स्त्रियांना घरोघर जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्यास त्यांनीं शिकविलें. तेथील नवजात बालकांचे मृत्यु, शेजारच्या गांवांशीं ताडून पाहतां, ६२ टक्क्यांनीं घटले. हा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत छापला गेला.

कोणी विचारील कीं, मूळ दुखणें दारिद्र्य आहे. मग दवाखाना सुधारून काय होणार? प्रश्न रास्त आहे. शेतमजुराला वर्षभर काम, पिण्याला स्वच्छ पाणी, मुलांच्या पोटांत पुरेसें अन्न ह्यांवांचून निवळ औषधानें आरोग्य येत नाहीं, आणि आरोळे यांनींही औषधापूर्वीं पाण्याचा व धान्याचा विचार केला. परंतु वस्ती गरीबच राहिली तरी चांगल्या सेवेनें किती फरक पडतो, ह्याचा पुरावा वर सांगितलेल्या ट्यूडर हार्ट यांनींच दिला. त्यांनीं गांवांतील प्रत्येक प्रौढ मनुष्याचा रक्तदाब, तो आजारी असो वा नसो, मोजला, आणि पंचवीस वर्षें त्याच लोकांचा पाठपुरावा केला. शेवटीं शेजारच्या तशाच खाणगांवाशीं तुलना केली, तेव्हां ग्लिनकॉरुगांत पासष्टीच्या आंतील मृत्यु पाव हिश्श्याहून अधिक कमी निघाले. गांवची खाण मध्यंतरीं बंद पडली होती आणि बेकारी वाढली होती, तरी असें झालें.

तर मग आपल्या गांवीं काय पाहावें? २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें दर हजार वस्तीस एक आशा कार्यकर्ती नेमण्याचें ठरविलें. ती बहुधा आपल्याच गल्लींतील सून असते, आणि तिच्या मोबदल्याचा कांहीं भाग कामागणिक मिळतो. ती दारीं आली असतां “आशाताई, माझा रक्तदाब किती निघाला? मागच्या वेळीं किती होता?” असें विचारावें, व आंकडा वहींत लिहून ठेवावा. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं मंडळींतील शिक्षकानें तें करावें. हें काम लहान नाहीं. उपकेंद्राच्या सिस्टर कोणत्या वारीं कोणत्या वस्तीवर येतात, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या पुऱ्या महिन्याच्या मिळतात कीं आठवड्याच्याच, हेंही विचारावें. आठवड्याच्या गोळ्या देणें म्हणजे मजुराला महिन्यांत चार खाडे करावयास लावणें होय, आणि सर्वांत दूरच्या वस्तीला हें सर्वांत महाग पडतें.

गांवोगांव ग्रामपंचायतीच्या अंगानें ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिति असते. ह्याच अभियानानें तिला वर्षास १०,००० रुपयांपर्यंत निर्बंधरहित निधि ठरवून दिला. महाराष्ट्रांत २००७ पासून पुणें, ठाणें, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) ह्या पांच जिल्ह्यांत लोकांनींच दवाखान्यांवर देखरेख ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. गांवकऱ्यांनीं आपल्या केंद्राची पाहणी करून तिचा तक्ता भिंतीवर लाविला, आणि जनसुनावणींत डॉक्टर व अधिकारी यांच्यासमोर तो वाचून दाखविला. कित्येक ठिकाणीं बंद राहणारीं उपकेंद्रें उघडलीं, आणि बाहेरून औषध विकत आणावयास सांगण्याची चाल कमी झाली. असा तक्ता करण्यास कागद व पेन्सिल पुरते. आपल्या गांवच्या समितींत कोण आहेत, त्यांत माळावरच्या वस्तीचें एक तरी माणूस आहे कीं नाहीं, आणि गेल्या वर्षीं तिचा पैसा कशावर खर्च झाला, हें पुढील ग्रामसभेंत विचारून यावें.