शेगडीचा परवाना

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समधील आमच्या जुन्या घरात लाकडावर चालणारी शेगडी बसवायची आहे. परवाना आवश्यक आहे काय?

उत्तर : होय. आपल्या राज्यात शेगडी बसविण्यापूर्वी गावच्या इमारत निरीक्षकाच्या कचेरीत रीतसर अर्ज करून परवाना घ्यावा लागतो, आणि काम पुरे झाल्यावर निरीक्षकाने पाहणी करून मंजुरी दिल्यावाचून तीत अग्नी प्रज्वलित करू नये. अर्जासोबत उत्पादकाची माहितीपुस्तिका जोडावी. कारण प्रमाणित शेगडी व भिंत यांतील अंतर तीत नमूद असते, आणि प्रमाणपत्रच नसल्यास सामान्यतः ३६ इंच अंतर राखावे लागते. धुराडे छपरातून जेथे बाहेर पडते तेथून निदान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आतील छपराच्या कोणत्याही भागाहून २ फूट उंच असावे. अन्यथा वाऱ्याच्या दाबाने धूर खाली परततो.

जुने विटांचे धुराडे असेल तर त्याचे अस्तर प्रथम जाणकाराकडून तपासून घ्या. ओल्या लाकडाच्या धुराचे डांबरासारखे काळे पुट आत साचते आणि तेच पुढे पेट घेते. म्हणून २० टक्क्यांहून कमी ओलावा असलेली लाकडेच जाळावीत व धुराडे प्रतिवर्षी साफ करवावे. विमा कंपनीसही लेखी कळवा. परवान्याची दगदग टाळू नका. ती आपल्या कुटुंबाच्या रक्षणासाठीच आहे.