मिश्रीची डबी आणि पोटातलं बाळ

आमच्याकडे बायका सकाळी चूळ भरायच्या आधी मिश्री लावतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजताना असा ठसका उठतो की तान्ही पोरं अंगणात न्यावी लागतात. पोटातल्या पोराला कुठं न्यायचं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मळमळ फार होती. सासूबाई म्हणाल्या, "जरा जास्त लाव, बरं वाटंल." तेवढ्यापुरतं वाटायचंही. दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, "तंबाखू, विडी, दारू काही?" मी नाही म्हटलं, आणि मला ते खरंच वाटत होतं. तंबाखू पुरुष खातात, आम्ही तर दात घासत होतो! लेक आठव्या महिन्यातच झाली, वजन पावणेदोन किलो. अडीचच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात.

हे सगळं मिश्रीनंच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. माझं रक्तही कमी होतं. पण मुंबईतल्या बाराशेवर गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली छापून आला. त्यात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, दिवस भरायच्या आत बाळंत होणाऱ्याही त्यांच्यात जास्त निघाल्या. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, बाळाकडे जाणारं रक्त कमी पडतं. निकोटिन मात्र वारेतून थेट बाळापर्यंत पोचतं. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. पण घरच्या तव्याला कुठला कायदा?

दुसऱ्या वेळी मी मिश्री सोडली. आता वस्तीतल्या पोटुश्या पोरींशी याबद्दल बोलते, तेव्हा "लावतेस का?" असं विचारत नाही. "दिवसातून किती वेळा लावतेस?" असं विचारते, तेही सासू समोर नसताना. रागावलं की पोरगी पुढच्या वेळी खोटं सांगते, मग मदत करायची वाटच बंद.

सोडल्यावर पहिले काही दिवस वाईट जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि मुख्य म्हणजे सकाळी पोट साफ होत नाही. त्यात लोहाच्या गोळ्यांनीही पोट जड होतं. मग पोरी गोळ्या टाकून देतात आणि मिश्री परत धरतात! म्हणून मी आधीच सांगून ठेवते: उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, पेरू, आणि तरीही नाही झालं तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी बंद करायची नाही. दात ब्रशनंच घासायचे. बोट तोंडात गेलं की तलफ आलीच. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप चघळावी, शेजारणीकडे जाऊन बसावं. हिरडी दुखते म्हणून लावत असेल तर दात दाखवायचे. निकोटिनचं च्युइंगगम गरोदरपणात आपल्या मनानं घेऊ नये. १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर तंबाखू सोडण्यासाठी फुकट सल्ला मिळतो.

घरात तवा चढतोय, डबी चुलीपाशी उघडी आहे आणि सुनेनं तेवढी सोडावी, ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते. म्हणून मी आधी सासूशी बोलते. तिला सोडायला जमत नसेल तर निदान नऊ महिने घरात भाजायची नाही, डबी स्वतःच्या कनवटीला ठेवायची, एवढं कबूल करून घेते. नातवाचं नाव काढलं की बहुतेक जणी ऐकतात.

खरी निसटायची जागा मात्र बाळंतपणानंतरची. पोरगी माहेरी जाते, रात्रीची जागरणं, आई मायेनं डबी पुढं करते. निकोटिन अंगावरच्या दुधातूनही बाळाला जातं, हे आईला माहीत नसतं. तेव्हा सातव्या महिन्यातच माहेरी निरोप धाडायचा: लेकीला डिंकाचे लाडू द्या, मिश्री देऊ नका.