कांगोच्या राजाचे पत्र

आफ्रिकेचा इतिहास युरोपियनांच्या आगमनानंतरच सुरू झाला, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. कांगो राज्याकडे पाहिले की तो टिकत नाही. १४८३ च्या सुमारास दिओगो काओ हा पोर्तुगीज दर्यावर्दी कांगो नदीच्या मुखाशी आला, तेव्हा तेथे एक सुसंघटित राज्य नांदत होते. म्बांझा कांगो ही त्याची राजधानी होती. प्रांतांवर राजाचे अधिकारी होते आणि लुआंडा बेटावरील लहान शंख नाणी म्हणून चालत.

प्रारंभी संबंध बरोबरीचे होते. १४९१ मध्ये राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा पुत्र अफोन्सो याने शाळा काढल्या, तरुणांना शिक्षणासाठी पोर्तुगालला पाठविले. त्याचा एक मुलगा पुढे बिशपही झाला.

मग हे चित्र का बिघडले? साओ टोमे बेटावरील उसाच्या मळ्यांना आणि नंतर ब्राझीलला मजूर हवे होते. कांगोत गुलामगिरी पूर्वीपासून होती. अफोन्सोनेही युद्धकैदी विकले, हे विसरता येत नाही. परंतु व्यापाऱ्यांची मागणी कैद्यांवर भागेना. १५२६ साली अफोन्सोने पोर्तुगालच्या राजाला पत्रे लिहून तक्रार केली, की व्यापारी आमचे प्रजाजन, सरदारपुत्र, एवढेच नव्हे तर माझे आप्तही पळवून नेतात. आम्हांला पाद्री व शिक्षक तेवढे पाठवा. विक्रीस आलेला प्रत्येक मनुष्य खरोखरच गुलाम आहे की नाही, हे तपासण्यासाठी त्याने तीन अधिकारीही नेमले. तरीही हा व्यापार थांबला नाही.

याचे कारण त्याच पत्रव्यवहारात सापडते. पूर्वी परदेशी वस्तू राजाच्या हातून सरदारांना मिळत. त्या देणगीवर त्यांची निष्ठा टिकून असे. आता त्याच वस्तू माणसे विकून थेट व्यापाऱ्यांकडून मिळू लागल्या. मग राजाची गरज कोणाला उरणार? परकीय सैन्य चालून येण्यापूर्वीच राज्य आतून पोखरले गेले. १६६५ मध्ये म्बविलाच्या लढाईत पोर्तुगीजांनी राजा आंतोनियोला ठार केले आणि देश दीर्घ यादवीत सापडला.

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन स्त्रीपुरुष व मुले अटलांटिक ओलांडण्यासाठी जहाजांत कोंडली गेली. त्यांतील सर्वांत मोठा भाग कांगो-अंगोलाच्या किनाऱ्यावरून गेला. व्यापाराने राष्ट्रे समृद्ध होतात, असे आपण शिकतो. ते खरेही आहे. मात्र बाजारात काय विकले जाते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. अफोन्सोने तो विचारला होता. त्याला हवे ते उत्तर लिस्बनहून कधीच आले नाही.