औषध देणाऱ्याचा अभ्यास

औषधाच्या दुकानात बसणारा मनुष्य शिकतो कोठे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९३२ साली प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी या विषयाचे शिक्षण सुरू केले. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणी व ठराविक शिक्षण आवश्यक ठरविले. परंतु पदविका हाती आल्यावर पुढे काय? औषधे दरसाल नवी येतात आणि कॉलेजची वही जुनी होते.

येथे दोन ग्रंथांतला भेद ध्यानी घ्यावा. १९५५ साली प्रथम निघालेला भारतीय फार्माकोपिया औषध शुद्ध आहे की नाही हे ठरवितो. तो मुख्यतः कारखान्याच्या व प्रयोगशाळेच्या कामाचा. मात्रा किती, कोणास देऊ नये, कशाबरोबर देऊ नये, हे नॅशनल फॉर्म्युलरी सांगते. तिची पहिली आवृत्ती १९६० ची. दुकानात एकच पुस्तक ठेवावयाचे तर माझ्या मते हे, आणि तेही नव्या आवृत्तीचे.

पुस्तकाबरोबर पाटी-पेन्सिलही हवी. समजा, मूल १० किलोचे आहे व डॉक्टरांनी एका वेळी दर किलोस १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल सांगितले आहे. म्हणजे १५० मिलिग्रॅम. ज्या सिरपच्या ५ मिलिलीटरांत १२५ मिलिग्रॅम असते ते ६ मिलिलीटर द्यावे लागेल. ५ मिलिलीटरांत २५० असल्यास ३. आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलिलीटरातच १०० असल्यास अवघे दीड. आता पहिल्या सिरपची सवय झालेल्या आईच्या हाती न सांगता थेंबांची बाटली दिली, तर ती ६ मिलिलीटरच पाजणार. मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, चौपट! दिवसातून चारदा असे झाले तर यकृतावरच बेतते. हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे, पण गर्दीच्या वेळी तोच चुकतो. घरातल्या चमच्याचा तर मुळीच भरवसा धरू नये. बाटलीबरोबरचे मापच वापरावयास सांगावे.

संधिवातावरील मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती रोज घेतल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन माणसे दगावली आहेत. म्हणून ‘आठवड्याला’ असे मोघम न म्हणता ‘दर सोमवारी’ म्हणावे व पाकिटावर तसे लिहावे. आमच्या हजीऱ्यात एकाच गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू बोलली जाते. तेव्हा गिऱ्हाइकाच्या भाषेत वार लिहिलेला बरा. ‘समजले का?’ असे विचारू नये. या प्रश्नाला सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो, हे कोणताही मास्तर सांगेल! ‘घरी गेल्यावर कशी घ्याल, सांगा पाहू,’ असे विचारावे.

आणखी एक वही ठेवावी. गोळी घेतल्यावर अंगावर चट्टे उठले, चक्कर आली, असे कोणी सांगितले की तारीख, औषध व बॅच नंबर टिपून ठेवावा, आणि रुग्णास डॉक्टरांकडे पाठवावे. अशा तक्रारी गोळा करण्याचे राष्ट्रीय काम २०१० साली सुरू झाले; त्याचे केंद्र गाझियाबादला आहे, आणि रुग्णाने स्वतः भरावयाचा फॉर्म मराठीतही मिळतो.