जाहिरातीतील गोरेपणा आणि आपल्या मुली

१९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे मलम भारतीय बाजारात आले. त्याच्या कित्येक जाहिरातींत सावळ्या मुलीला नोकरी वा स्थळ मिळे, ते वर्ण उजळल्यानंतरच. तिची विद्या आणि कर्तृत्व गौण ठरे. असे चित्र वारंवार पाहणारी मुलगी आरशात आपली उणीवच शोधू लागते आणि गुण असूनही पुढे येण्यास संकोचते.

२०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने वर्णावरून कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक नियम केले. २०२० मध्ये मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्दही गेला. परंतु नियमांनी जाहिरात सुधारते, घरातील बोलणे नव्हे. ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे,’ या वाक्यातील ‘पण’ पालकांनीच काढून टाकावयास हवा.