दारातला लाजरस

(मनन : लूक १६:१९-३१)



‘आम्ही कष्टाने कमावले, कुणाला लुबाडले नाही, मग दुसऱ्याकडे कमी आहे याची चिंता आम्ही का करावी?’ असा प्रश्न कधीतरी आपल्या मनात येतो.

दाखल्यातील श्रीमंताने चोरी केली, असे प्रभू येशू सांगत नाही. तो रोज ऐषारामात जेवत होता आणि लाजरस त्याच्या दाराशी उपाशी पडला होता, एवढेच. मेल्यावर मात्र तो लाजरसला नावाने ओळखतो. म्हणजे त्याने त्याला पाहिले होते! दोघांमधली ती मोठी दरी त्याने जिवंतपणीच खणली होती.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात शिकवले की, मजुराने गरजेपोटी कमी मजुरी कबूल केली तरी मालक सुटत नाही. त्याला साधेपणाने जगता येईल इतके वेतन देणे हा न्याय आहे.

आपल्याकडे भांडी घासणारी बाई, वाडीत राबणारा गडी, इमारतीचा वॉचमन यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. आपण त्यांना देतो तेवढ्या पैशांत आपले घर चालेल का? या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेनंतर हा हिशेब आपण एकत्र बसून करू या.