सर्व्हर आपला, मग अडवतो कोण?

प्रश्न : आमच्या माजी विद्यार्थी संघाने भाड्याच्या सर्व्हरवर ‘डिस्कोर्स’ हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर बसवलं आहे. जुन्या यादीतली १,८०० नावं एपीआयने चढवायला घेतली, तर स्क्रिप्ट मिनिटभर चालते आणि ‘४२९’ दाखवून थांबते. पैसे आम्ही भरतो, अ‍ॅडमिन आम्हीच. मग ही अडवणूक कोणाची?

उत्तर : तुमच्याच डिस्कोर्सची. ४२९ म्हणजे ‘फार विनंत्या आल्या, जरा थांबा’. अ‍ॅडमिनच्या कीने येणाऱ्या एपीआय विनंत्यांना डिस्कोर्सने मुळातच मिनिटाला ६० ची मर्यादा घातलेली असते. मालक कोण, हे त्याला कळत नाही. लूपमध्ये अडकलेली स्क्रिप्ट, चोरीला गेलेली की आणि तुमची यादी, तिन्ही त्याला सारख्याच दिसतात. शिवाय एका नव्या सदस्यामागे डेटाबेसमधल्या नोंदी आणि पडद्यामागची बरीच कामं असतात. छोटा सर्व्हर त्यातच दमतो.

मर्यादा वाढवता येते. लोक ती अ‍ॅडमिनच्या सेटिंग्जमध्ये शोधत बसतात, पण तिथे ती नाहीच. सर्व्हरवरच्या ‘अ‍ॅप डॉट वायएमएल’ फाइलमध्ये, ‘एन्व्ह’ या भागात ‘डिस्कोर्स मॅक्स अ‍ॅडमिन एपीआय रेक्स (REQS) पर मिनिट’ हे नाव (सगळं कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये अंडरस्कोअर) आणि त्यापुढे हवा तो आकडा लिहायचा. मग कंटेनर रीबिल्ड करायचा. तेवढी काही मिनिटं साइट बंद राहते, म्हणून हे रात्री करावं. काम झालं की आकडा पूर्ववत करा. हे हमखास राहून जातं.

एक सापळा मात्र वेगळा आहे. डिस्कोर्सच्या पुढे एनजिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी असेल आणि तो वाचकाचा खरा आयपी पत्ता पुढे पाठवत नसेल, तर सगळा संघ एकाच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. एका पत्त्याला मिनिटाला २०० विनंत्यांची मर्यादा असते, त्यामुळे नुसतं वाचायला आलेल्यांनाही ४२९ दिसू शकतो. तिथे आकडा वाढवणं हा उपायच नव्हे. प्रॉक्सी दुरुस्त करा.

तुमच्या कामाला यातलं काहीच लागत नाही. एका नावाला एक विनंती धरली, तर ६० च्या वेगाने १,८०० नावं अर्ध्या तासात चढतात. ४२९ च्या उत्तरासोबत ‘रिट्राय-आफ्टर’ या नावाने किती सेकंद थांबायचं तेही येतं. स्क्रिप्टला तेवढं थांबायला शिकवा आणि मर्यादेला हात लावू नका.